कोराडीचे वीजकेंद्र : पन्नास वर्षांचा विस्तार आणि त्याचा हिशेब

नागपूर शहराच्या उत्तरेस, सावनेरकडे जाणाऱ्या मार्गावर कोराडी हे गाव आहे. श्री महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि त्यालगतचा विस्तीर्ण तलाव यांमुळे हे गाव विदर्भात पूर्वीपासून सर्वपरिचित होते. १९७४ पासून त्याला आणखी एक ओळख लाभली. त्या वर्षी येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि पुढील अर्धशतकात कोराडीचे नाव राज्याच्या विद्युत नकाशावर ठळकपणे कोरले गेले. नवरात्रात देवीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकास आज मंदिराच्या शिखराबरोबरच वीजकेंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसतात.

वीजकेंद्राचा विस्तार म्हणजे केवळ मेगावॅटच्या आकड्यात पडलेली भर नव्हे. प्रत्येक नव्या संचाबरोबर कोळसा, पाणी, राख आणि हवा असे चार हिशेब नव्याने मांडावे लागतात. हे हिशेब अभियंत्यांपुरते मर्यादित नाहीत. केंद्राच्या परिसरातील ग्रामपंचायती, जिल्हा प्रशासन, शाळा आणि शेतकरी या सर्वांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो. कोराडीच्या वाटचालीचा अभ्यास या दृष्टीने बोधप्रद ठरावा.

विदर्भातील वीजनिर्मितीची पार्श्वभूमी

विदर्भात औष्णिक वीजनिर्मितीचा आरंभ कोराडीपासून झाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळातील योजनेनुसार, नागपूरजवळील खापरखेडा येथे लहान संचांचे वीजकेंद्र उभे राहिले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. त्यानंतर लगेच, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. वीज निर्माण करणे, ती वाहून नेणे आणि ग्राहकांपर्यंत पोहोचविणे ही तिन्ही कामे एकाच मंडळाकडे सोपविण्यात आली.

त्या काळात राज्याच्या विजेचा मोठा आधार कोयना प्रकल्प होता. कोयनेच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. जलविद्युत स्वस्त खरी, परंतु ती पावसावर अवलंबून असते. शिवाय डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने एकाच स्रोतावर विसंबून राहण्यातील धोकाही स्पष्ट झाला. राज्यात उद्योग वाढत होते. ग्रामीण विद्युतीकरणाचा कार्यक्रम वेग घेत होता आणि विहिरींवर विद्युतपंप बसू लागले होते. पाऊस कमी पडला तरी अखंड चालू शकतील अशा वीजकेंद्रांची गरज त्यामुळे निर्माण झाली. कोळशाचे साठे विदर्भात असल्याने ही केंद्रे विदर्भात उभारणे क्रमप्राप्त होते.

कोराडीचीच निवड का ?

औष्णिक वीजकेंद्रासाठी चार गोष्टी जवळ असाव्या लागतात : कोळसा, पाणी, रेल्वेमार्ग आणि पुरेशी मोकळी जमीन. कोराडीला या चारही गोष्टी अनुकूल होत्या. नागपूरच्या उत्तरेस कामठी कोळसाक्षेत्र पसरलेले आहे. सिल्लेवाडा, पाटणसावंगी, वलनी आणि पिपळा यांसारख्या भूमिगत खाणी तसेच कामठी, इंदर आणि गोंडेगाव येथील खुल्या खाणी याच क्षेत्रातील होत. हा कोळसा भूशास्त्रीय दृष्ट्या गोंडवाना काळातील आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. त्यामुळे खाण आणि वीजकेंद्र ही दोन्ही सार्वजनिक क्षेत्रात आली.

पाण्याची सोय पेंच प्रकल्पातून झाली. या प्रकल्पाबाबत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १९६४ मध्ये करार झाला होता. तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथील धरणांमधून सिंचन, नागपूर शहराचे पिण्याचे पाणी आणि वीजकेंद्रे अशा तिहेरी गरजा भागविल्या जाऊ लागल्या. पाण्याचा एकच साठा आणि तीन मागण्या ही परिस्थिती पुढे किती नाजूक बनली, याचा विचार यथावकाश येईलच.

कोळशाच्या जवळ वीजकेंद्र बांधण्यामागे एक साधे तत्त्व आहे. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, अनेकदा ते ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे शंभर टन कोळसा रेल्वेने दूरच्या शहरी नेला, तर त्यातील पस्तीस-चाळीस टन राखच विनाकारण वाहून नेली जाते. त्यापेक्षा कोळसा खाणीजवळ जाळून वीज तारांनी पाठविणे अधिक किफायतशीर ठरते. या तत्त्वाची दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. वीज तारांवाटे दूर जाते, राख मात्र जागच्या जागी उरते. कोराडीच्या सर्व प्रश्नांचे मूळ या एका वाक्यात आहे.

पहिला टप्पा : सात संच

कोराडीचा पहिला संच जून १९७४ मध्ये, दुसरा मार्च १९७५ मध्ये, तिसरा मार्च १९७६ मध्ये आणि चौथा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कार्यान्वित झाला. हे चारही संच प्रत्येकी १२० मेगावॅटचे होते. जुलै १९७८ मध्ये २०० मेगावॅटचा पाचवा संच सुरू झाला. २१० मेगावॅटचा सहावा संच मार्च १९८२ मध्ये, तर तेवढ्याच क्षमतेचा सातवा संच जानेवारी १९८३ मध्ये सुरू झाला. अशा रीतीने नऊ वर्षांत सात संच उभे राहिले आणि केंद्राची एकूण क्षमता ११०० मेगावॅट झाली.

याच सुमारास चंद्रपूर येथे आणखी मोठ्या केंद्राची उभारणी सुरू होती. खापरखेडा येथेही नवे केंद्र आकारास आले. तेथील २१० मेगावॅटचे पहिले दोन संच १९८९ आणि १९९० मध्ये, पुढचे दोन २००० आणि २००१ मध्ये सुरू झाले. नंतर ५०० मेगावॅटचा पाचवा संच जोडला गेल्यावर खापरखेड्याची क्षमता १३४० मेगावॅट झाली. मौदा येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगमाने २३२० मेगावॅटचे केंद्र उभारले. नागपूर जिल्हा हा अशा प्रकारे देशातील वीजनिर्मितीचा एक महत्त्वाचा जिल्हा बनला. कोराडीसारख्या केंद्रांतील वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांनी राज्याच्या पश्चिम भागातील उद्योगांपर्यंत जाते. विदर्भात निर्माण होणारी वीज आणि विदर्भात वापरली जाणारी वीज यांतील तफावत हा या प्रदेशातील सार्वजनिक चर्चेचा विषय राहिला आहे, त्याचे कारण हेच होय.

वीजकेंद्र कसे चालते ?

विस्ताराचा अर्थ समजून घेण्यासाठी वीजकेंद्राचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. रेल्वेने आलेला कोळसा प्रथम फोडला जातो आणि नंतर गिरणीत पिठासारखा बारीक दळला जातो. गरम हवेच्या झोताबरोबर ही भुकटी बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये फवारली जाते आणि हवेतच जळते. बाष्पकाच्या भिंतींतील नळ्यांमधून पाणी वाहत असते. त्याची उच्च दाबाची वाफ होते. ही वाफ टर्बाइनची पाती फिरविते. टर्बाइनला जोडलेले जनित्र फिरू लागले की वीज निर्माण होते. वापरून झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाते आणि ते बाष्पकात परत पाठविले जाते. वाफ थंड करणाऱ्या पाण्यातील उष्णता शीतमनोऱ्यांतून हवेत सोडली जाते. मनोऱ्यांवर दिसणारे पांढरे ढग हे धुराचे नसून पाण्याच्या बाष्पाचे असतात. धूर उंच धुराड्यातून बाहेर पडतो.

कोळशातील सर्व उष्णतेची वीज होत नाही. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. जुन्या पद्धतीच्या एखाद्या संचाला एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी ३००० किलोकॅलरी उष्णता लागत असेल, तर त्याची कार्यक्षमता सुमारे २९ टक्के झाली. उरलेली उष्णता शीतमनोरे आणि धुराडे यांतून निघून जाते. वाफेचा दाब आणि तापमान जितके अधिक, तितकी कार्यक्षमता अधिक, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. ३७४ अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाब या बिंदूच्या वर पाणी आणि वाफ यांतील भेदच नाहीसा होतो. या बिंदूच्या वर चालणाऱ्या संचांना अतिक्रांतिक संच म्हणतात. अशा संचाला एका युनिटसाठी २३०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता पुरते. म्हणजेच कार्यक्षमता सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत जाते.

दुसरा टप्पा : जुने संच निवृत्त, नवे संच दाखल

यंत्राला वय असते. पंचवीस-तीस वर्षे अखंड उष्णता आणि दाब सोसल्यावर बाष्पकाच्या नळ्या झिजतात, वारंवार दुरुस्ती करावी लागते आणि कोळसाही अधिक लागतो. कोराडीच्या पहिल्या चार संचांची क्षमता पुढे प्रत्येकी १२० ऐवजी १०५ मेगावॅट धरण्यात आली, हे त्यांच्या उतारवयाचेच लक्षण होते. २०१० नंतरच्या काळात हे संच सेवेतून गेले. पाचवा आणि सातवा संचही पुढे निवृत्त झाले. सहाव्या संचाबाबत वेगळा मार्ग निवडण्यात आला. जागतिक बँकेने २००९ मध्ये भारतातील जुन्या कोळसा-संचांच्या पुनर्वसनासाठी जो प्रकल्प मंजूर केला, त्यात पश्चिम बंगालमधील बांडेल आणि हरयाणातील पानिपत येथील संचांबरोबर कोराडीच्या सहाव्या संचाचा समावेश होता. जुना संच मोडीत काढावा की नवे भाग बसवून त्याचे आयुष्य वाढवावे, हा प्रश्न देशभर उपस्थित होत होता. कोराडीने या दोन्ही मार्गांचा अनुभव घेतला.

दरम्यान व्यवस्थापनाची चौकटही बदलली होती. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि निर्मितीचे काम महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीकडे, म्हणजेच महानिर्मितीकडे आले. पारेषण आणि वितरण ही कामे अनुक्रमे महापारेषण आणि महावितरण यांच्याकडे गेली. महानिर्मितीने कोराडी येथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन अतिक्रांतिक संच उभारण्याचा निर्णय घेतला. त्यांतील आठवा संच डिसेंबर २०१५ मध्ये, नववा नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि दहावा जानेवारी २०१७ मध्ये कार्यान्वित झाला. या तीन संचांची क्षमता १९८० मेगावॅट असून सहावा संच धरून केंद्राची क्षमता २१९० मेगावॅट झाली.

कोळशाचा हिशेब

येथे एक उदाहरण मांडून पाहणे उपयुक्त होईल. शाळांमधून विज्ञानाच्या शिक्षकांना ते विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल. एका किलो कोळशापासून ३८०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे मानू. वर सांगितलेल्या जुन्या संचाला एका युनिटसाठी सुमारे ७९० ग्रॅम कोळसा लागेल, नव्या संचाला सुमारे ६०५ ग्रॅम. प्रत्येक युनिटमागे १८५ ग्रॅमच्या आसपास बचत झाली. ६६० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर १ कोटी ५८ लाख ४० हजार युनिट वीज निर्माण होते. म्हणजे एका संचामागे दररोज सुमारे २९०० टन कोळसा वाचतो. ही बचत लहान नव्हे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. जुने सातही संच, ११०० मेगावॅट, पूर्ण क्षमतेने चालले असते तर दिवसाला सुमारे २०,८०० टन कोळसा लागला असता. नवे तीन संच, १९८० मेगावॅट, पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे २८,८०० टन लागतो. वीज १.८ पट झाली, कोळसा सुमारे १.४ पट झाला. प्रत्यक्षात कोणतेही केंद्र सदासर्वकाळ पूर्ण क्षमतेने चालत नाही. त्यामुळे हे आकडे कमाल मर्यादेचे समजावेत. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. नव्या तंत्रामुळे प्रत्येक युनिटमागचा कोळसा कमी होतो, पण त्या एका ठिकाणी जळणारा एकूण कोळसा वाढतो. राज्याच्या दृष्टीने पहिली गोष्ट महत्त्वाची आहे, तर परिसरातील गावांच्या दृष्टीने दुसरी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्याने चर्चेत दोन्ही बाजूंनी पूर्ण हिशेब मांडला जाणे आवश्यक आहे.

एवढ्या कोळशासाठी जवळच्या खाणी पुरेशा ठरत नाहीत. म्हणून विदर्भातील अन्य खाणींबरोबरच दूरच्या क्षेत्रांतूनही कोळसा आणावा लागतो. छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्यातील गारे पालमा येथील कोळसा गट महानिर्मितीला २०१५ मध्ये मिळाला, तो याच गरजेपोटी. खाणीजवळ केंद्र असावे, या मूळ तत्त्वाला विस्ताराने अशी मुरड पडली.

पाण्याचा हिशेब

शीतमनोऱ्यांतून बाष्परूपाने उडून जाणारे पाणी भरून काढावे लागते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी जे निकष जाहीर केले, त्यांत पाणीवापराचीही मर्यादा घातली. एक मेगावॅट-तास विजेमागे तीन घनमीटर पाणी धरले, तर १९८० मेगावॅटसाठी दिवसाला सुमारे १४ कोटी लिटर पाणी लागते. हे सर्व पाणी पेंचच्या साठ्यातून घेतले असते, तर नागपूरचे पिण्याचे पाणी आणि कालव्याखालील शेती यांवर त्याचा ताण आला असता. पेंच नदीवर वरच्या बाजूस, मध्य प्रदेशात चौराई येथे धरण झाल्यानंतर खाली येणाऱ्या पाण्याचा प्रश्न अधिकच गंभीर बनला.

या अडचणीतून एक उपयुक्त मार्ग निघाला. नागपूर शहराचे सांडपाणी पूर्वी नाग नदीवाटे पुढे वाहत जात असे. महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यातील करारानुसार भांडेवाडी येथे या सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा, दिवसाला १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला आणि शुद्ध केलेले पाणी नळाने कोराडीकडे नेण्यात आले. पुढे दिवसाला २० कोटी लिटर क्षमतेचा दुसरा प्रकल्पही झाला. शहराचे मलजल उद्योगाला आणि धरणाचे स्वच्छ पाणी माणसांना व पिकांना, ही या योजनेमागील दृष्टी आहे. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरावे, अशी तरतूद २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात झाली. नागपूरने त्याआधीच या दिशेने पाऊल टाकले होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

राखेचा हिशेब

राखेचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. कोळशात ३५ टक्के राख धरली, तरी २८,८०० टन कोळशामागे दिवसाला सुमारे १०,००० टन राख निघते. वीस टनांच्या मालमोटारीने ती न्यावयाची म्हटल्यास रोज पाचशे खेपा कराव्या लागतील. यातील सुमारे चार पंचमांश राख धुराबरोबर उडणारी असते. ती स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने चालणाऱ्या यंत्रणेत धुरापासून वेगळी केली जाते. उरलेली जड राख बाष्पकाच्या तळाशी जमते.

वापरात न आलेली राख पाण्यात कालवून नळांनी राखबंधाऱ्यात नेली जाते. तेथे राख तळाशी बसते आणि पाणी वेगळे होते. हा बंधारा धरणासारखाच काळजीपूर्वक सांभाळावा लागतो. उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग कोरडा पडला तर राख वाऱ्याने उडून शेतांवर आणि घरांवर बसते. पावसाळ्यात पाणी वाढले तर बंधाऱ्यावर दाब येतो. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला. राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले आणि नदीपर्यंत पोहोचले. कोलार नदी कन्हानला मिळते आणि कन्हान नदी हा नागपूरच्या पाणीपुरवठ्याचा एक स्रोत आहे. राखेचा प्रश्न खसाळा, सुरादेवी वा वारेगाव यांच्या शिवेपुरता नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले. त्याच वर्षाच्या आरंभी पारशिवनी तालुक्यातील नांदगाव येथे खापरखेडा केंद्राची राख टाकण्यास गावकऱ्यांनी विरोध केला होता आणि राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी पाहणी करून ती थांबविण्यास सांगितले होते.

राख ही केवळ टाकाऊ वस्तू नव्हे. सिमेंटमध्ये ती मिसळता येते. तिच्या विटा होतात. रस्त्यांच्या भरावात आणि बंद पडलेल्या खाणींच्या पोकळ्या भरण्यासाठीही ती उपयोगी पडते. केंद्र सरकारने राखेच्या वापराबाबत पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने निर्माण होणारी राख संपूर्णपणे वापरण्याचे बंधन घातले. पूर्वी साठलेली राखही दहा वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने वापरावी, असे तीत म्हटले आहे. या कामी ग्रामपंचायतींचाही हातभार लागू शकतो. शाळाखोली, अंगणवाडी किंवा पंचायत कार्यालय बांधताना राखेच्या विटांचा आग्रह धरल्यास भट्टीसाठी लागणारी सुपीक माती वाचते आणि राखेला गिऱ्हाईक मिळते.

हवेचा हिशेब

कोळसा जळताना सूक्ष्म धूलिकण, गंधकाचे आणि नत्राचे वायू बाहेर पडतात. कार्बन डायऑक्साइड तर अटळच आहे. मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंचीचे धुराडे बांधण्याची पद्धत होती. त्यामुळे धूर उंचावर विरळ होतो, पण तो नाहीसा होत नाही, दूरवर पसरतो इतकेच. म्हणून २०१५ च्या निकषांनी धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांवर आणि वायूंवर मर्यादा घातल्या आणि गंधक वेगळे करणारी यंत्रणा बसविण्याचा प्रश्न पुढे आला. या यंत्रणेत चुनखडीच्या पाण्याचा फवारा धुरावर सोडतात आणि गंधकवायूपासून जिप्सम तयार होतो. यंत्रणा खर्चिक असल्याने तिची मुदत देशभर अनेकदा वाढविण्यात आली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने या नियमांत मोठा बदल करून बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट दिली. मात्र दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांवरील बंधन कायम ठेवले. नागपूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच २४ लाखांवर होती आणि हवेची गुणवत्ता सुधारण्यासाठी २०१९ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात निवडलेल्या शहरांत नागपूरचाही समावेश आहे. ही पार्श्वभूमी पाहता कोराडीसारख्या, शहराला लागून असलेल्या केंद्राच्या बाबतीत गंधकनियंत्रणाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा टप्पा आणि जनसुनावणी

निवृत्त झालेल्या जुन्या संचांच्या बदल्यात कोराडी येथे ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि मे २०२३ मध्ये त्यावर जनसुनावणी झाली. रोजगार आणि राज्याची वाढती मागणी यांचा दाखला देऊन काहींनी प्रस्तावाला पाठिंबा दिला. राख, हवा आणि आरोग्य यांचे प्रश्न मांडून अनेकांनी विरोध नोंदविला. २०२५ मध्ये या संचांचे काम भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या केंद्रीय उपक्रमाकडे आले. वरील हिशेबाच्या आधारे या दोन संचांना पूर्ण क्षमतेवर दिवसाला सुमारे १९,२०० टन कोळसा लागेल आणि सुमारे ६७०० टन राख निघेल. संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतरची मागणी भागविण्यास कोळशाचे संच हवेत, हा एका बाजूचा युक्तिवाद आहे. शेतीपंपांसाठी राज्याने सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली असून दिवसाची गरज उत्तरोत्तर सूर्यशक्तीवर भागेल, तेव्हा कोळशाची भर किती घालावी, हा दुसऱ्या बाजूचा प्रश्न आहे. दोन्हींचा विचार आकड्यांच्या आधारे व्हावा, यातच सर्वांचे हित आहे.

अशा प्रसंगी पंचायत सदस्यांना जनसुनावणीची कार्यपद्धती ठाऊक असणे अगत्याचे आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत ती दिलेली आहे. तिच्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

१. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात प्रसिद्ध करावी लागते.

२. मूल्यांकन अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका आणि जिल्हा उद्योग कार्यालय येथे नागरिकांना पाहण्यास उपलब्ध असावा लागतो. सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो.

३. सुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जा नसलेला त्यांचा प्रतिनिधी भूषवितो. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही.

४. उपस्थित प्रत्येक व्यक्तीस माहिती किंवा स्पष्टीकरण मागण्याची संधी मिळते. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण केले जाते. सुनावणीच्या अखेरीस कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविले जाते.

५. जे उपस्थित राहू शकत नाहीत, त्यांना आपले म्हणणे लेखी पाठविता येते.

सुनावणीत मोघम तक्रारीपेक्षा नेमका प्रश्न अधिक परिणामकारक ठरतो. राखबंधाऱ्याची उरलेली क्षमता किती, गेल्या वर्षी किती टन राख वापरली गेली, भूजलाची तपासणी कोणत्या विहिरींवर आणि किती वेळा होते, कोळसा व राख वाहणाऱ्या मोटारींसाठी कोणता रस्ता ठरविला आहे, गंधकनियंत्रक यंत्रणा केव्हा सुरू होईल आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी अपुरे पडल्यास पाणी कोठून घेणार, असे प्रश्न ग्रामसभेत आधी ठरवून ते लेखी स्वरूपात मांडणे इष्ट होय. त्यांची उत्तरे कार्यवृत्तात आली की ती पुढील काळात पाठपुराव्याचा आधार बनतात. यासाठी गावातील विहिरींच्या पाण्याची, पिकांवर बसणाऱ्या राखेची आणि श्वसनविकारांच्या रुग्णांची साधी नोंद पंचायतीने वर्षभर ठेवली असल्यास तिचा फार उपयोग होतो. शाळेतील मुलांकडूनही काही नोंदी करून घेता येतात.

उपसंहार

१९७४ मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा राज्यासमोर मुख्य प्रश्न वीज मिळेल की नाही हा होता. त्या प्रश्नाचे उत्तर कोराडीने आपल्या परीने दिले. या केंद्राच्या विजेवर शेतातील पंप चालले, कारखान्यांची चाके फिरली आणि असंख्य घरांत दिवे लागले. केंद्राभोवती वसाहत, शाळा, बाजारपेठ उभी राहिली. महादुल्यासारख्या शेजारच्या गावाचे नगरात रूपांतर झाले. हे ऋण नाकारता येणार नाही. मात्र आता प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. वीज मिळविताना तिची किंमत कोण मोजतो, हा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला साधनांची उणीव नाही. सांडपाण्याचा वापर करून नागपूरने पाण्याच्या बाबतीत वाट दाखविली. राखेच्या बाबतीत कायदा आहे, गिऱ्हाईक मिळण्यासारखे आहे आणि तंत्रही उपलब्ध आहे. हवेच्या बाबतीत निकष ठरलेले आहेत. अंमलबजावणीचा नेट आणि गावपातळीवरील जागरूक देखरेख यांची जोड मिळाली, तर खसाळ्याच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात बंधाऱ्याकडे पाहून चिंता करावी लागणार नाही. कोराडीचा पुढील विस्तार किती मेगावॅटचा होतो, यापेक्षा तो ही कसोटी कशी उतरतो, यावरच त्याचे मोल ठरेल.